कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये? फॉरमॅट मारण्याआधी बूटेबल पेनड्राइव्हने काय काय करता येते

पावसाळ्यात कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर या पट्ट्यात वीज जाणे-येणे नवीन नाही. घाटाकडून वारा-पाऊस आला, झाडाची फांदी तारांवर पडली की दिवे जातात. पाच मिनिटांनी येतात आणि पुन्हा जातात. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज जाऊ लागली आणि भिवपुरीचे केंद्र १९२२ साली सुरू झाले. तरी या भागातल्या घरातल्या कॉम्प्युटरला यूपीएस लागतोच. नेमके त्याच वेळी विंडोजचे अपडेट चालू असेल किंवा हार्ड डिस्कवर काही लिहिले जात असेल, तर वीज आल्यावर कॉम्प्युटर सुरू होत नाही. निळा स्क्रीन येतो, किंवा 'ऑटोमॅटिक रिपेअर' असे लिहून तो पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो.

अशा वेळी बहुतेकांना एकच सल्ला मिळतो, 'फॉरमॅट मारावा लागेल'. फॉरमॅट मारला की कॉम्प्युटर सुरू होतो, पण लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, जात पडताळणीचे कागद, दुकानाचा हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट हे सगळे त्यात जाऊ शकते. प्रत्यक्षात अनेकदा बिघाड फक्त विंडोज सुरू करणाऱ्या काही फाइल्सचा असतो आणि बाकीचा डेटा जागच्या जागी असतो. तो बाहेर काढण्यासाठी आणि पुष्कळदा विंडोज दुरुस्त करण्यासाठीही एक साधा पेनड्राइव्ह पुरतो.

बूटेबल पेनड्राइव्ह म्हणजे नेमके काय?

कॉम्प्युटरचे बटण दाबल्यावर सर्वात आधी विंडोज सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यामध्ये यूईएफआय. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टिम कुठे आहे ते शोधतो. या शोधण्याचा एक क्रम ठरलेला असतो, त्याला बूट ऑर्डर म्हणतात.

सहसा या क्रमात कॉम्प्युटरमधली डिस्क पहिली असते. डिस्कवरची विंडोज बिघडली की गाडी तिथेच अडते. पण पेनड्राइव्हवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम ठेवली आणि कॉम्प्युटरला 'आज इथून सुरू हो' असे सांगितले, तर आतल्या विंडोजला हातही न लावता तो सुरू होतो. पूर्वी हेच काम फ्लॉपीने आणि नंतर सीडीने होत असे.

फाइल कॉपी करून टाकली की पेनड्राइव्ह बूटेबल होत नाही. त्यावर विशिष्ट पद्धतीने फाइल्स लिहाव्या लागतात आणि ते काम ठरावीक सॉफ्टवेअर करते.

एका अपडेटने विमानतळ अडले तेव्हा

पेनड्राइव्हने कॉम्प्युटर दुरुस्त करणे ही फक्त घरगुती युक्ती नाही. १९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ही संख्या सुमारे ८५ लाख होती. भारतातही विमान कंपन्यांचे चेक-इन कोलमडले. मुंबई विमानतळावर आकासा एअरला हाताने चेक-इन करावे लागले.

कंपनीने सदोष अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतले, तरी अडचण सुटली नाही. कारण जो कॉम्प्युटर सुरूच होत नाही, तो इंटरनेटवरून नवे अपडेट घेणार कसा? प्रत्येक मशीनजवळ माणूस जाणे भाग होते. मायक्रोसॉफ्टने त्यानंतर या कामासाठी बूटेबल यूएसबी तयार करणारे एक साधन दिले. पेनड्राइव्ह लावायचा, त्यावरून मशीन सुरू करायचे, ती सदोष फाइल काढायची आणि रीस्टार्ट करायचे. ज्या मशीनची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, तिथे आधी रिकव्हरी की शोधावी लागली. घरच्या लॅपटॉपलाही हीच अडचण येते, तिच्याविषयी पुढे सविस्तर आहे.

आधी बिघाड ओळखा

पेनड्राइव्ह सगळ्यावर चालत नाही. कॉम्प्युटर कुठपर्यंत जाऊन थांबतो, यावरून बिघाड कुठे आहे ते कळते.

*१. दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही.* हा विजेचा प्रश्न आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर दुसऱ्या प्लगमध्ये लावून पाहावा. चार्जर काढून पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून ठेवावे आणि मग पुन्हा चार्जर लावून सुरू करून पाहावे. डेस्कटॉप असेल तर मागचा स्विच, केबल आणि एसएमपीएस तपासावा लागतो. इथे पेनड्राइव्हचा उपयोग नाही.

*२. पंखा फिरतो, पण स्क्रीन काळा. किंवा बीप बीप आवाज येतो.* पुष्कळदा रॅम नीट बसलेली नसते. कोकणपट्टीच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर जमतो. डेस्कटॉपमध्ये वीज पूर्ण बंद करून, रॅम काढून, त्या पट्ट्या स्वच्छ खोडरबरने हलक्या हाताने पुसून पुन्हा घट्ट बसवली की अनेक मशीन सुरू होतात. दुरुस्तीच्या दुकानातही पहिला उपाय हाच होतो.

*३. कंपनीचा लोगो येतो, मग 'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश येतो.* आधी कॉम्प्युटरला एखादा साधा पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लावलेले राहिले आहे का ते पाहावे. तसे असेल तर ते काढताच मशीन सुरू होऊ शकते. नसेल तर बायोसमध्ये जाऊन डिस्क दिसते का ते तपासावे. डिस्क दिसत असेल तर पेनड्राइव्हने दुरुस्ती शक्य आहे. अजिबात दिसत नसेल तर डिस्क सैल झाली आहे किंवा खराब झाली आहे.

*४. तारीख-वेळ प्रत्येक वेळी चुकते आणि सेटिंग हरवतात.* मदरबोर्डवरची नाण्याएवढी सेल संपली आहे. सीआर २०३२ नावाची ही सेल घड्याळाच्या दुकानातही मिळते. सेल संपल्याने बायोसची सेटिंग मूळ पदावर जातात आणि त्यामुळेही विंडोज सुरू होत नाही.

*५. निळा स्क्रीन, फिरणारे ठिपके, 'ऑटोमॅटिक रिपेअर'चे चक्र.* बहुतेक वेळा इथे विंडोज बिघडलेली असते. बूटेबल पेनड्राइव्हचे खरे काम इथेच.

डिस्कमधून टकटक, खरखर असा आवाज येत असेल तर मात्र कॉम्प्युटर लगेच बंद करावा. ही हार्ड डिस्क यांत्रिकरीत्या मोडण्याच्या मार्गावर असते. ती जितकी जास्त चालेल तितका डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होते. अशी डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी.

पेनड्राइव्ह तयार कसा करायचा?

यासाठी चालू असलेला दुसरा कॉम्प्युटर, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि चांगले इंटरनेट लागते. तयार करताना पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, त्यामुळे तो आधी रिकामा करून घ्यावा. रस्त्यावर अगदी स्वस्तात मिळणाऱ्या 'एक टीबी'च्या पेनड्राइव्हवर विसंबू नये. त्यातले पुष्कळ खोट्या क्षमतेचे असतात आणि फाइल्स अर्धवट लिहितात.

*विंडोजचा पेनड्राइव्ह:* मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' डाउनलोड करावे. ते उघडून यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह हा पर्याय निवडला की पुढचे सगळे तेच करते. शक्यतो कॉम्प्युटरमध्ये जी विंडोज आहे, तिचाच पेनड्राइव्ह करावा. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, पण जुन्या मशीनच्या दुरुस्तीसाठी तिचा पेनड्राइव्ह उपयोगी पडतो.

*लिनक्सचा पेनड्राइव्ह:* लिनक्स मिंट किंवा उबुंटूच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल घ्यावी आणि रूफस किंवा बलेना एचर या मोफत सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर लिहावी. लिनक्स इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालते, हा तिचा मोठा फायदा. डेटा बाहेर काढायला ती सर्वात सोयीची.

*घरात दुसरा कॉम्प्युटर नसेल तर:* अँड्रॉइड फोन आणि ओटीजी केबल वापरूनही लिनक्सचा पेनड्राइव्ह करता येतो. त्यासाठी एचड्रॉइड हे मोफत अॅप आहे. विंडोजची आयएसओ मात्र त्याने चालत नाही.

डाउनलोड मोठे असते. विंडोजला पाच ते सात जीबी, तर लिनक्स मिंटला सुमारे तीन जीबी डेटा लागतो. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हे एका दिवसात बसत नाही. ओळखीच्यांकडचे वायफाय किंवा ऑफिसचे इंटरनेट वापरणे बरे.

'आधीच अॅक्टिव्हेट केलेली' किंवा 'क्रॅक' विंडोज टेलिग्रामवर किंवा अनोळखी साइटवर मिळते. ती वापरू नये. अशा फाइल्समध्ये पासवर्ड चोरणारे प्रोग्राम लपवलेले असू शकतात आणि त्याच कॉम्प्युटरवर पुढे बँकेचे व्यवहार होतात.

पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करणे

पेनड्राइव्ह लावावा, कॉम्प्युटर सुरू करावा आणि लोगो दिसण्याआधीपासून बूट मेनूचे बटण टकटक दाबत राहावे. कंपनीनुसार बटण बदलते:

- डेल: एफ१२
- एचपी: एफ९, किंवा आधी एस्केप
- लेनोवो: एफ१२. काही मॉडेलला बाजूला बारीक छिद्र असते, त्यातले बटण पिनेने दाबावे
- एसर: एफ१२. काही मॉडेलमध्ये हे आधी बायोसमधून सुरू करावे लागते
- असूस लॅपटॉप: एस्केप
- असूस मदरबोर्डचे डेस्कटॉप: एफ८
- गिगाबाइट: एफ१२
- एमएसआय: एफ११

काही लॅपटॉपमध्ये एफएन हे बटणही सोबत दाबावे लागते. यादी आली की पेनड्राइव्हचे नाव निवडावे. यादीत तो दोनदा दिसला आणि एका नावापुढे यूईएफआय असेल, तर नव्या मशीनवर तेच निवडावे. पेनड्राइव्ह दिसतच नसेल तर दुसऱ्या पोर्टमध्ये लावावा. डेस्कटॉपला मागचे पोर्ट जास्त भरवशाचे.

पहिले काम: डेटा बाहेर काढा

घाईत इथेच चूक होते. माणसे आधी दुरुस्तीला हात घालतात, दुरुस्ती फसते आणि मग डेटाची आठवण होते. क्रम उलटा हवा. आधी फाइल्स बाहेर, मग दुरुस्ती.

*लिनक्स पेनड्राइव्हने:* कॉम्प्युटर सुरू झाल्यावर 'इन्स्टॉल' निवडायचे नाही. उबुंटूत 'ट्राय उबुंटू' असा पर्याय येतो, मिंट थेट डेस्कटॉपवर उघडते. फाइल मॅनेजरमध्ये विंडोजची डिस्क दिसते. तिच्यातल्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये आपल्या नावाचे फोल्डर असते आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. दुसरी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावून ही फोल्डर कॉपी करावीत. विंडोज नीट बंद झालेली नसेल तर लिनक्स त्या डिस्कवर लिहू देत नाही, फक्त वाचू देते. फाइल्स बाहेर काढायला तेवढे पुरते.

*विंडोज पेनड्राइव्हने:* यातही एक सोपी युक्ती आहे. दुरुस्तीच्या मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि नोटपॅड असे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे. नोटपॅडमध्ये 'फाइल', मग 'ओपन' निवडावे आणि खाली 'ऑल फाइल्स' करावे. जी खिडकी उघडते तिच्यात सगळ्या डिस्क दिसतात. हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉपी' आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये जाऊन 'पेस्ट'. कॉपी होताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, म्हणून थोडी थोडी फोल्डर घ्यावीत आणि थांबावे.

*डिस्क कुलूपबंद असेल तर:* अनेक नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप सुरू असते. मालकाला त्याची कल्पनाही नसते. मग पेनड्राइव्हवरून पाहताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोजला मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केले असेल तर ही की बहुधा त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते. फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ती पाहता येते. कॉलेजच्या किंवा कंपनीच्या ईमेलने साइन-इन केले असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे विचारावे. की नसेल तर तो डेटा कोणत्याही दुकानात उघडत नाही. म्हणून कॉम्प्युटर चालू असतानाच ही की कागदावर लिहून ठेवलेली बरी.

दुसरे काम: दुरुस्ती

विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर भाषेचा स्क्रीन येतो. इथे 'इन्स्टॉल नाऊ' दाबू नये. खाली डाव्या कोपऱ्यात 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' असते. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत भाषा आणि कीबोर्ड निवडल्यानंतर 'रिपेअर माय पीसी' असा पर्याय येतो. तो निवडून 'ट्रबलशूट'मध्ये जावे. मग या क्रमाने:

*१. स्टार्टअप रिपेअर.* सुरू होण्याच्या फाइल्स तपासून स्वतःच दुरुस्त करते. एकदा जमले नाही तर दोन-तीनदा चालवावे.

*२. अनइन्स्टॉल अपडेट्स.* अपडेटनंतर लगेच बिघाड झाला असेल तर आधी ताजे क्वालिटी अपडेट काढावे.

*३. सिस्टिम रिस्टोर.* आधीची एखादी तारीख उपलब्ध असेल तर विंडोजची सेटिंग त्या दिवसावर नेते. फोटो, कागदपत्रांना हात लावत नाही, पण त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअर निघून जातात.

*४. चेक डिस्क.* वीज जाऊन बिघाड झाला असेल तर हे विशेष उपयोगी. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरे सी-एच-के-डी-एस-के, मग एक जागा सोडून ड्राइव्हचे अक्षर व अपूर्णविराम, पुन्हा एक जागा, तिरकी रेघ आणि एफ असे लिहावे. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर सी ड्राइव्हचे अक्षर बदललेले असू शकते. नोटपॅडच्या युक्तीने 'विंडोज' फोल्डर कुठल्या ड्राइव्हमध्ये आहे ते आधी पाहावे.

यापुढे बूट फाइल्स नव्याने लिहिणाऱ्या कमांड आहेत, पण चुकीच्या ड्राइव्हवर चालवल्या तर गुंता वाढतो. सवय नसेल तर इथे थांबून जाणकाराला बोलवावे. डेटा आधीच बाहेर काढलेला असल्याने आता नुकसानीची भीती नसते.

पुन्हा विंडोज टाकावीच लागली तर

पेनड्राइव्हवरून सुरू करून विंडोज टाकताना 'फाइल्स ठेवा' असा पर्याय चालत नाही, तो चालू विंडोजमधूनच मिळतो. डिस्कच्या भागांची यादी येते तेव्हा 'डिलीट' आणि 'फॉरमॅट' न दाबता जुन्याच भागावर विंडोज टाकली, तर जुन्या फाइल्स 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. तरीही यावर विसंबू नये.

काही नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये या यादीत डिस्क दिसतच नाही. त्याचा अर्थ एसएसडी गेली असा होत नाही. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर'ने तो दिला की डिस्क दिसू लागते. बायोसमध्ये एसएसडीचे नाव दिसत असेल तर नवी विकत घेण्याची घाई करू नये.

दुकानात द्यायचाच असेल तर काय सांगावे?

कर्जत आणि खोपोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारी दुकाने आहेत. सुट्या भागांसाठी अनेकजण लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड करून लॅमिंग्टन रोडला जातात. कुठेही दिला तरी तीन गोष्टी आधीच स्पष्ट सांगाव्यात, शक्यतो पावतीवर लिहून घ्याव्यात:

- माझ्या परवानगीशिवाय फॉरमॅट करायचा नाही.
- आधी डेटा वेगळ्या डिस्कवर काढून दाखवायचा.
- डिस्क बदलली तर जुनी डिस्क मला परत द्यायची.

महत्त्वाचा डेटा असेल तर सर्वात सुरक्षित मार्ग असा: नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज टाकावी आणि जुनी डिस्क बाजूला ठेवावी. कॉम्प्युटर त्याच दिवशी चालू होतो आणि जुन्या डिस्कमधला डेटा सावकाश काढता येतो. प्रवेश अर्जाची किंवा कागदपत्रे अपलोड करण्याची मुदत जवळ असेल तर ती भरण्यासाठी आपले सरकार सेवा केंद्र गाठावे. मुदतीच्या घाईत घरच्या कॉम्प्युटरवर फॉरमॅटचा निर्णय घेऊ नये.

पुढच्या पावसाळ्याआधी

- डेस्कटॉपला यूपीएस लावावा. दहा मिनिटे मिळाली तरी कॉम्प्युटर नीट बंद करता येतो.
- विजा कडाडत असताना प्लग काढून ठेवावा. इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी, तिच्यातूनही झटका येऊ शकतो.
- आभाळ भरून आले असताना मोठे अपडेट सुरू करू नये. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तेव्हा करावे.
- महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन ठेवावी. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी.
- कॉम्प्युटर चालू आहे तोवरच एक बूटेबल पेनड्राइव्ह तयार करून, त्यावर चिठ्ठी लावून, कपाटात ठेवावा. बिटलॉकरची की लिहिलेला कागद मात्र वेगळ्या जागी, घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावा.